शुक्रवारची सुशी

कच्चे मासे खाणारे लोक, एवढ्या चार शब्दांत आपल्याकडे जपानी माणसाच्या जेवणाची वासलात लावण्याची रीत आहे. ज्या किनाऱ्यावर आमचे आयुष्य गेले तेथे मासळी तव्यावरून, कालवणातून अथवा उन्हात वाळून मगच ताटात येते. विस्तवाचा स्पर्श न झालेला मासा हा मांजराचा वाटा, असे वसईच्या कोणत्याही स्वयंपाकघरात सांगितले जाईल. म्हणूनच ओसाका शहरातील एका सुशीच्या उपाहारगृहात आमच्या मंडळींनी जी एक संध्याकाळ घालविली, तिची हकिकत येथे सांगावीशी वाटते. त्या संध्याकाळी मासळीविषयी बरेच बोलणे झाले. परंतु आमच्या मनात राहून गेला तो भात.

जपानला जाण्याचे निमित्त वाचकांना सांगावयास नकोच. संत गोन्सालो गार्सिया हा आमच्या वसईचा सुपुत्र. आधी व्यापारी म्हणून आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून तो त्या देशात वावरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढविण्यात आले. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामातील अकरा जणांचा जथा त्या टेकडीच्या दर्शनास गेला. राखेचा बुधवार आम्ही नागासाकीतच पाळला आणि गुरुवारी आगगाडीने ओसाकास आलो. त्यांतील चोवीस जणांना क्योटो, ओसाका आणि साकाई या शहरांतून मिरवून, कडाक्याच्या थंडीत सुमारे चार आठवडे चालवीत नागासाकीला नेले होते. ते अंतर आम्ही एका दिवसात, उलट दिशेने, मऊ आसनांवर बसून कापले. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत, आणि गाडीत कोणी फारसे बोलत नव्हते.

दुसरा दिवस शुक्रवारचा, आणि तोही प्रायश्चित्तकाळातील पहिला. रात्रीच्या जेवणाचे काय, असा प्रश्न निघताच आमच्या मार्गदर्शक बाईंनी सुशीचे नाव काढले. या मध्यमवयीन जपानी बाई मोठ्या मृदू स्वभावाच्या होत्या. जथ्यातील निवृत्त मास्तरांनी लगेच मान डोलावली. मांस वर्ज्य, मासे चालतात. नियमही पाळला जाईल आणि देशाची ओळखही होईल. मास्तरांचा हिशेब नेहमी असाच चोख असतो.

ओसाका हे बोलक्या माणसांचे शहर आहे. क्योटोचा माणूस कपड्यांपायी कफल्लक होतो आणि ओसाकाचा खाण्यापायी, अशी एक म्हण त्या मुलुखात आहे. नाम्बा भागातील त्या दुकानाचा पडदा बाजूला सारताच आत काम करणाऱ्या साऱ्यांनी एका सुरात अशी आरोळी ठोकली की आमच्यातील दोघे-तिघे दचकून मागे सरले. "इरास्शाइमासे", म्हणजे यावे, स्वागत असो. प्रत्येक येणाऱ्यासाठी ही आरोळी, प्रत्येक मागणीसाठी दुसरी, जाणाऱ्यासाठी तिसरी. भोवती कचेरीतून सुटलेले पुरुष, शाळेच्या गणवेशातील मुली, मांडीवर मूल घेतलेल्या आया. साधनेच्या दिवसांत मौन पाळून जेवण्याची सवय असलेल्या आमच्या कानांना तो कल्लोळ आरंभी जड गेला. पण त्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. एखाद्या लग्नघरच्या पंगतीत जसा आवाज असतो तसा तो होता.

दुकानाच्या मध्यभागी सुशी वळणारे तीन कारागीर उभे, त्यांच्याभोवती लांबट फळी, आणि फळीवरून एक पट्टा संथपणे फिरतो आहे. पट्ट्यावर लहान-लहान ताटल्या. आवडेल ती उचलावी, रिकामी झाली की आपल्यापुढे रचावी. ताटलीच्या रंगावरून किंमत ठरते आणि शेवटी चळत मोजून पैसे घेतात. ही युक्ती ओसाकाच्याच परिसरातील. शिराइशी योशिआकी नावाच्या सुशीवाल्याला बिअरच्या कारखान्यातील पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून ती सुचली, आणि १९५८ साली त्याने हल्लीच्या हिगाशी-ओसाकात असे पहिले दुकान उघडले. पट्टा फार वेगाने फिरला तर मासा वाळतो आणि गिऱ्हाईक गोंधळते, फार हळू फिरला तर गिऱ्हाईक कंटाळते. शेवटी सेकंदाला सुमारे आठ सेंटिमीटर ही गती मुक्रर झाली. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी हा प्रकार पाहिला आणि मग तो देशभर पसरला. २०२३ च्या आरंभी काही टवाळ पोरांनी अशा दुकानांतील बाटल्या आणि ताटल्या उष्ट्या करून त्याची चित्रफीत मिरविली, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी मोकळा फिरणारा पट्टा बंद झाला. आता पडद्यावर बोट टेकवून मागणी नोंदवावी लागते. आम्ही गेलो त्या दुकानात मात्र पट्टा फिरत होता. परस्परांवरचा विश्वास मोडणे किती थोड्या वेळाचे काम, हा विचार तेव्हा आमच्या मनात येऊन गेला.

प्रत्येक आसनासमोर एक लहानसा नळ होता. मास्तर हात धुण्यासाठी त्याखाली हात नेणार, तोच मार्गदर्शक बाईंनी त्यांचे मनगट धरले. तो कढत पाण्याचा नळ. पेल्यात हिरव्या चहाची पूड घालून वर ते पाणी सोडायचे. शेजारच्या शाळकरी मुली तोंडावर हात धरून हसल्या आणि लगेच माफी मागितल्यासारख्या वाकल्या. आम्ही क्रुसाची खूण करून भोजनापूर्वीची प्रार्थना म्हटली. मान वर करून पाहतो तो त्याच मुली हात जोडून काही पुटपुटत होत्या. "इतादाकिमास" हा तो शब्द. जेवण्यापूर्वी प्रत्येक जपानी माणूस तो उच्चारतो आणि त्याचा अर्थ केवळ "मी नम्रपणे स्वीकारतो" एवढाच. कोणाकडून, ते त्यात सांगितलेले नाही.

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत मार्गदर्शक बाईंनी जेवता-जेवता दूर केली. सुशी म्हणजे सिरका, मीठ आणि साखर घातलेला भात. त्याच्यावर अथवा त्याच्या पोटात काय घालावे हा पुढचा प्रश्न. मुळात हा गरजेपोटी निघालेला प्रकार. मासा खारवून शिजलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवावा, भात आंबला की मासा टिकतो. मग आंबलेला भात टाकून द्यावा आणि मासा खावा. बिवा सरोवराच्या काठी आजही असा मासा करतात आणि त्याचा वास, ऐकतो त्यावरून, आमच्या सुक्या बोंबलांनाही लाजवील. पुढे लोकांना एवढा धीर निघेना. आंबण्याची वाट पाहण्याऐवजी भातातच सिरका घातला गेला. हानाया योहेई या माणसाचे नाव घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजच्या तोक्योत, मुठीत वळलेल्या भातावर माशाचा काप ठेवून तो विकी. म्हणजे आज ज्याचे एवढे स्तोम माजले आहे ते एके काळी रस्त्यावर उभ्या-उभ्या खाण्याचे खाणे होते, आपल्या वडापावासारखे. टूनाचा चरबीयुक्त भाग, ज्याला आज सोन्याचा भाव येतो, तो त्या काळी कोणी फुकट घेत नसे. आणि पट्ट्यावर सर्वाधिक दिसणारा गुलाबी सामन मासा जपानी माणूस कच्चा खातच नव्हता. १९८० च्या दशकात नॉर्वेच्या लोकांनी आपला पाळीव सामन विकण्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो त्यातले पुष्कळसे आपल्या हयातीतच जन्मलेले असते.

या भाताला सुशीवाले "शारी" म्हणतात. हा शब्द ऐकताच आम्ही कान टवकारले. सेमिनरीत गिरविलेले थोडेसे संस्कृत अजून शिल्लक आहे. बुद्धाच्या अस्थींना बौद्ध परंपरेत "शरीर" म्हणतात. तो शब्द चीनमार्गे जपानात पोहोचून "शारी" झाला आणि पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या तांदळाच्या दाण्यांना त्या अस्थींची उपमा देऊन सुशीवाल्यांनी तो उचलला. भाताला शरीर म्हणणारे हे लोक! वेदीवर रोज जे शब्द उच्चारावे लागतात त्यांची सवय असलेल्या माणसाला यावर पुढे काही लिहिणे कठीण आहे.

शब्दांची ही गंमत येथे संपत नाही. ओसाकाची स्वतःची एक सुशी आहे, "बात्तेरा". लाकडी साच्यात दाबलेला भात आणि वर मीठ व सिरका लावून मुरविलेला, आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा. ते नाव पोर्तुगीज भाषेतले, लहान होडी या अर्थाचे. आरंभी तिचा आकार होडीसारखा असे. पिठात बुडवून तळलेल्या "तेम्पुरा"चे मूळही पोर्तुगीजांकडेच नेतात, आणि पुष्कळांच्या मते ते चर्चच्या उपवासाच्या दिवसांच्या "तेम्पोरा" या लॅटिन नावात आहे. पावाला जपानी माणूस "पान" म्हणतो. आमचा पाव आणि त्याचा पान हे एकाच घरचे दोन भाऊ. ज्या गलबतांनी वसईच्या बंदरात हे शब्द उतरविले त्यांच्याच भाईबंदांनी ते नागासाकीच्या बंदरात उतरविले. आम्ही बात्तेराच्या दोन ताटल्या संपविल्या. सिरक्याचा तो आंबूस झणका आमच्या घरांतील सणासुदीच्या मटणाची आठवण करून देत होता.

आता मावशींविषयी. आमच्या जथ्यात कोळीवाड्यातील एक सत्तरीच्या मावशी होत्या. आयुष्यभर त्यांनी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. तीर्थयात्रेचे पैसेही त्याच पाटीतून साठविलेले. त्यांना आम्ही मुद्दाम कारागिराच्या समोरची जागा दिली होती, कारण त्यांच्या इतकी मासळीची पारख आमच्यात कोणाला असणार? पण अर्धा तास होऊन गेला तरी त्यांच्यापुढे एकही ताटली नव्हती. नुसता चहा. प्रत्येक ताटली समोरून जाई तेव्हा त्या तिच्याकडे विकत घेणाऱ्याच्या नव्हे तर विकणाऱ्याच्या नजरेने पाहत.

काचेच्या पेटीत बर्फावर काही अख्खे मासे मांडले होते. त्यांतील तांबोशीसारख्या दिसणाऱ्या लालसर माशाकडे मावशींनी बोट दाखविले आणि मग दोन बोटांनी स्वतःच्या गालाजवळ काहीतरी उघडल्याची खूण केली. साठीच्या घरातील तो कारागीर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मासा उचलला, त्याचा कल्ला उघडला आणि पुढे धरला. आत लालभडक होते. मावशींनी मान डोलाविली.

"ताजी हाय," त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. "सकाळची."

मार्गदर्शक बाईंनी हे भाषांतरित केले. कारागीर मोठ्याने हसला आणि आपल्या जोडीदारांना ओरडून काही सांगितले. या बाई आपल्याच धंद्यातल्या आहेत, असा त्याचा आशय. मग त्याने त्याच माशाचा एक काप घेतला, मुठीत भात वळला, आणि ताटली पट्ट्यावर न ठेवता दोन्ही हातांनी मावशींच्या पुढे धरली.

मावशींनी ती घेतली नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिले.

तेव्हा आम्हांला त्यांच्या नवसाचे कळले. अनेक वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलाची बोट ऑगस्टातील एका वादळात गेली ती परत आली नाही. धाकटाही समुद्रावरच जातो. तेव्हापासून दरवर्षी राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत मावशी मासळी तोंडात घालीत नाहीत. रोज हाताळायची, कापायची, विकायची, खायची नाही. "शुक्रवारी मासे खाण्यात आमचं काय जातंय, फादर? मटण आमच्याकडं होतंच कधी? आमचं जातं ते मासळी सोडण्यात." त्यांनी हे इतक्या सहजपणे सांगितले की मास्तरांनी आपल्यापुढची सात ताटल्यांची चळत नकळत जरा बाजूला सारली.

मास्तर हळूच म्हणाले, "फादर, तुम्हांला अधिकार आहे ना?" अधिकार आहे. धर्मसंहितेच्या ११९६ व्या कलमान्वये खाजगी नवसातून सवलत देण्याचा अधिकार प्रमुख धर्मगुरूला असतो, न्याय्य कारण असेल तर. समोर एक परका माणूस दोन्ही हातांत आपल्या कसबाचा मान घेऊन उभा. त्याला नकार देणे म्हणजे त्याचा पाणउतारा. दुसरीकडे एका आईने समुद्राशी केलेला करार. या करारातून तिला मोकळे करणारे आम्ही कोण, आणि तेही एका घासासाठी? त्या रात्री आमच्या तोंडातून शब्द निघाला नाही. मावशींनीही सवलत मागितली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत एवढाच प्रश्न होता की या माणसाला वाईट न वाटता हे कसे सांगावे.

सांगितले ते मार्गदर्शक बाईंनी. मावशींचे मराठी आमच्या इंग्रजीतून त्यांच्या जपानीत, असा तिहेरी प्रवास करीत ती हकिकत फळीपलीकडे गेली. गोन्सालो गार्सियाने याच देशात दुभाष्याचे काम केले होते. ते किती नाजूक काम असते हे आम्हांला तेव्हा उमगले. आम्ही "नवस" कसा समजावून सांगावा या विवंचनेत होतो, पण बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "याला आमच्याकडे शब्द आहे." तो शब्द "ताचिमोनो". काही मागणे असले की माणूस आपल्या आवडीचा एखादा पदार्थ सोडतो. कोणी चहा सोडतो, कोणी मीठ.

कारागिराने ताटली खाली ठेवली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की त्याच्या आजीने, मुलगा युद्धावर गेला होता तेव्हा, चहा सोडला होता. तो मुलगा परत आला की नाही हे त्याने सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

त्यानंतर जे त्याने केले ते आम्ही जवळून पाहिले. त्याने हात धुतले. फळा कढत पाण्याने दोनदा धुतला. वापरातली सुरी बाजूला ठेवून खणातून दुसरी काढली. मास्तरांनी पट्ट्यावरील अंड्याच्या पिवळ्या सुशीकडे बोट दाखविले, ही चालेल ना? त्याने मान हलविली. अंड्यात सुक्या माशाचे पाणी असते. तळलेल्या तोफूच्या पिशवीतील भात? तीही त्याच पाण्यात शिजते. आम्हांला कोणाला हे ठाऊक नव्हते, आणि मावशींना तर ते कळण्याचा संभवच नव्हता. न सांगता त्याने ते पुढे ठेवले असते तर कोणाला काही समजले नसते. त्याने समुद्रशेवाळाचा काळा कागद पसरला, त्यावर भाताचा थर, मधोमध काकडीची लांब फोड आणि तीळ, गुंडाळी करून सहा तुकडे केले. "काप्पामाकी" हे त्याचे नाव. मग पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची आणखी एक गुंडाळी. पुन्हा दोन्ही हातांनी ताटली पुढे आली. या वेळी मावशींनी ती घेतली, कपाळाला लावली आणि क्रुसाची खूण केली.

त्या जेवत असता त्यांचे आणि कारागिराचे बोलणे चालू झाले, अर्थात दोन दुभाष्यांच्या आधाराने. तुमच्याकडे समुद्रावर कोण जाते, असे मावशींनी विचारले. म्हातारे जातात, तो म्हणाला. त्याच्या वडिलांच्या गावी आता पंचावन्न वर्षांचा माणूस तरुण समजला जातो. यात अतिशयोक्ती फारशी नसावी. १९८४ साली जपानची मासळी १ कोटी २८ लाख टनांच्या घरात होती. २०२२ साली ती ४० लाख टनांच्याही खाली आली. मावशींनी आमच्याकडची कैफियत सांगितली: पापलेट तळहाताएवढेही होण्याआधी जाळ्यात येते, डिझेल परवडत नाही, मोठ्या यांत्रिक बोटी तळ खरवडून नेतात. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले हे आम्ही भर घालून सांगितले. "मान दिला की समजावं, कमी झालं," मावशी म्हणाल्या. याचे भाषांतर करताना मार्गदर्शक बाईंना हसू आवरेना, आणि ते ऐकून कारागीरही हसला.

एवढ्यात पट्ट्यावरून उकडलेल्या कोळंबीची ताटली आली. भारतातून जपानला वर्षानुवर्षे गोठविलेली कोळंबी जाते, हे मास्तरांनी सांगितले. मावशींनी ती ताटली दूर जाईपर्यंत पाहिली.

निघताना मुलीने चळती मोजल्या. आमच्या अकरा जणांच्या मिळून सत्त्याऐंशी ताटल्या. त्यांत मावशींच्या दोन. सगळ्या दुकानाने पुन्हा एकदा गर्जना करून आम्हांला निरोप दिला. बाहेर कालव्याच्या पाण्यात जाहिरातींचे रंगीत दिवे हेलकावत होते आणि थंडी बोचत होती. मावशींनी विचारले, आपल्याकडे आता किती वाजले असतील? साडेतीन तासांचा फरक; साडेचार. मास्तरांनी त्यांना फोन लावून दिला. धाकटा त्या दिवशी किनाऱ्यावरच जाळे दुरुस्त करीत बसला होता. कोळीणीचा आवाज, आणि समुद्राच्या वाऱ्याची सवय. पुलावरची दोन माणसे वळून पाहू लागली.

"काय जेवलीस, आई?" त्याचा प्रश्न आम्हांलाही ऐकू आला.

"भात नि काकडी."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "एवढ्या लांब जाऊन?"

"बरा होता," मावशी म्हणाल्या. "जरा आंबट."